लाभार्थी हिस्सा आधी मागू नका, बचतीला जोड द्या

प्रति,
मा. ग्रामविकास मंत्री
आणि ग्रामविकास विभागाचे सर्व संबंधित अधिकारी,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सादर नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्रभागसंघाचं हिशेबाचं काम पाहते. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातले बचत गट, त्यांचे ग्रामसंघ आणि त्यावरचा आमचा प्रभागसंघ, अशी सगळी दप्तरं माझ्या हातून जातात. बाया कधी पैसे टाकतात, कधी थांबतात, कशासाठी उचलतात आणि ते कशातून फेडतात, हे त्या वह्यांत स्वच्छ दिसतं. त्यावरूनच एक मागणी घेऊन हे पत्र लिहीत आहे. गरीब घरातली बाई स्वतःच्या नावावर जेवढे पैसे साठवेल, तेवढेच शासनाने त्यात घालावेत आणि ती एकत्र रक्कम तिला काही टिकाऊ उभं करण्यासाठी मिळावी. आम्ही आपसात याला जोड बचत म्हणतो.

तुम्ही म्हणाल, अनुदानं तर आहेतच. आहेत. अडचण अनुदानाच्या रकमेत नाही, ते कोणत्या वेळी आणि कोणत्या अटीवर मिळतं यात आहे. शेळी गटाची योजना घ्या. १० शेळ्या आणि १ बोकड, सर्वसाधारण गटाला ५० टक्के अनुदान, अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के. कागदावर चांगली योजना आहे. पण उरलेला हिस्सा लाभार्थ्याने भरायचा असतो, आणि तोही नाव लागल्यावर ठरलेल्या मुदतीत, एकरकमी. रोजमजुरीवर जगणाऱ्या बाईने तेवढे पैसे महिनाभरात कुठून आणायचे?

आमच्या प्रभागातल्या एका बाईने ते फायनान्सवाल्यांकडून आणले. नवरा नाही, पदरी दोन मुली, शेत ठेक्याने दिलेलं. योजनेत नाव लागलं तेव्हा साऱ्या मोहल्ल्यात आनंद झाला होता. कर्ज मिळालं, हिस्सा भरला, बकऱ्या आल्या. पुढच्याच आठवड्यात हप्ता सुरू झाला. बकरी गाभण राहून व्यायला पाच महिने लागतात, आणि तिचं पिल्लू विकण्याजोगं व्हायला आणखी आठ-दहा महिने. हप्त्याला एवढी वाट पाहता येत नाही. निंदणाच्या मजुरीवर तिने काही हप्ते ओढले. पावसाने उघडीप दिली नाही, मजुरी बुडाली, तेव्हा पोळ्याच्या आधी दोन बकऱ्या बाजारात गेल्या. मग बोकड गेला. मग एकेक करून बाकीच्या. कर्ज फिटलं तेव्हा कोठ्यात एकच बकरी उरली होती. तिच्या नावापुढे ‘लाभ दिला’ असं लिहिलेलं आहे आणि ते खरंही आहे. शासनाचा पैसा खर्च झाला, तिची मेहनत खर्च झाली आणि त्यातलं बरंचसं व्याजात गेलं. हीच बाई दोन वर्षं आधीपासून थोडे थोडे पैसे टाकत आली असती आणि त्यात शासनाची जोड पडत गेली असती, तर बकऱ्या आल्या त्या दिवशी तिच्यावर एका रुपयाचंही कर्ज नसतं.

घरकुलाचंही तसंच. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागासाठी १ लाख २० हजार रुपये, डोंगराळ आणि दुर्गम भागात १ लाख ३० हजार. हे पैसे बांधकामाच्या टप्प्यांनी येतात. जोत्यापर्यंत काम नेल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, आणि जोत्यापर्यंत न्यायला सिमेंट, गिट्टी, रेती, मिस्त्री सगळं आधी लागतं. शौचालयाच्या १२ हजारांचीही तीच गत होती, आधी बांधा आणि मग मागा. ज्याच्याजवळ थोडंफार साठलेलं आहे त्याला या योजना पुरेपूर लागू पडतात. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला त्या कर्जात घालतात.

२००६ साली पंतप्रधानांचं पॅकेज आलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम, बुलढाणा आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं. त्या काळात अर्ध्या अनुदानावर दुभती जनावरं वाटली गेली, हे आमच्याकडे लोक अजून सांगतात. बाहेरच्या जातीची, भरपूर ढेप आणि हिरवा चारा लागणारी गाय कोरडवाहू कपाशीच्या गावात आली. धुऱ्यावरच्या गवतावर ती जगेना आणि खुराक परवडेना. कित्येकांनी विकून टाकली. ज्याला ती सांभाळायची होती त्याला कोणी विचारलं नव्हतं, बापा तुला गाय पाहिजे का इंजिन पाहिजे. जोड बचतीत काय घ्यायचं ते जिने पैसे साठवले तीच ठरवते, मला तिच्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

आता नेहमीचा प्रश्न. गरीब माणसं बचत करतात का? मुंबईत बैठकीत हा प्रश्न निघत असेल, आमच्याकडे निघत नाही. दहा-वीस रुपयांपासून सुरू झालेले गट आज बँकेचं लाखांचं कर्ज वेळेवर फेडतात. नाबार्डने १९९२ मध्ये गट आणि बँक जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून हे सगळ्या देशासमोर आहे. पण गटातली बचत आणि मी म्हणते ती बचत यांत फरक आहे, तो सांगायलाच हवा. गटात टाकलेला पैसा गटाच्या अंतर्गत कर्जात फिरत असतो. तो आपल्या नावावर दिसतो, पण गट सोडल्याशिवाय किंवा गटाने वाटप केल्याशिवाय हातात येत नाही. मुलीला नर्सिंगला घालायचं म्हणून बाई गटाकडे गेली तर तिला स्वतःची बचत मिळत नाही, कर्ज मिळतं. घरात ठेवायची तर सोय नाही. गटांना मदत करणाऱ्या गावातल्याच एका ताईने, आम्ही त्यांना सीआरपी म्हणतो, बैठकीत सांगितलं होतं, “पैसा घरी राह्यला का कोनी ना कोनी बिमार पडतेच, नाहीतर पाव्हने येते.” सगळ्या बाया हसल्या, कारण प्रत्येकीच्या घरी तेच घडतं. बँकेत ठेवावा तर कधी शिल्लक कमी म्हणून कापतात, कधी केवायसी संपली म्हणून खातं बंद. काही वर्षांपूर्वी दामदुप्पट देतो म्हणणाऱ्या एजंटांनी गावोगाव बायांचे पैसे नेले आणि परत दिलेच नाहीत. बचतीची इच्छा आहे. सुरक्षित जागा नाही आणि पैसा खर्च न करता थांबायला कारण नाही.

हे कारण द्यायची कल्पना माझी नाही. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मायकेल शेराडन यांनी १९९१ मध्ये मांडलं की गरिबाला फक्त खर्चापुरता पैसा देऊन भागत नाही, त्याच्याजवळ मालमत्ता उभी राहिली पाहिजे, आणि श्रीमंतांना करसवलतीतून बचतीसाठी जशी मदत मिळते तशी गरिबालाही मिळाली पाहिजे. त्यातून घर, शिक्षण आणि छोटा धंदा यांसाठीची जोड बचतीची खाती निघाली. १९९७ पासून तिथे १४ ठिकाणी मोठा प्रयोग झाला, दोन हजारांहून जास्त गरीब माणसं त्यात होती. ती बचत करू शकली. त्यातही जी जास्त गरीब होती त्यांनी आपल्या मिळकतीचा जास्त वाटा बाजूला टाकला. आणखी एक गोष्ट दिसली, ती तुमच्या अधिकाऱ्यांनी लक्षात घ्यावी. किती रकमेपर्यंत जोड मिळेल ही मर्यादा लोकांनी स्वतःचं उद्दिष्ट मानली. मर्यादा मोठी तर बचत मोठी. एका रुपयाला एकाऐवजी दोन रुपये दिले म्हणून बचत तशीच वाढत गेली, असं मात्र झालं नाही. प्रशिक्षणाचे साधारण पहिले दहा तास कामी आले, त्यापुढच्या तासांनी बचतीत भर पडलेली दिसली नाही. आमच्याकडे प्रशिक्षणांवर किती दिवस जातात हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हे वाचावं.

याच प्रयोगात तुलसा शहरात लॉटरीने निम्म्या लोकांना जोड दिली आणि निम्म्यांना नाही. सुरुवातीला जोड मिळालेल्यांनी जास्त घरं घेतली. दहा वर्षांनी पाहिलं तेव्हा दुसऱ्या गटानेही जवळपास तेवढीच घेतलेली होती. म्हणून मी असं म्हणणार नाही की जोड बचतीने गरिबी हटेल. विदर्भात पाणी नाही, कपाशीला धड भाव नाही, दवाखान्याचा खर्च घर धुऊन नेतो, ही कारणं तिथल्या तिथेच राहतील. पण तुलसात जोड न मिळालेल्या माणसासमोर बँकेचं गृहकर्ज तरी होतं. आमच्या बाईसमोर आठवड्याचा हप्ता आहे. म्हणून इथे हिशेब वेगळा निघेल असं माझं मत आहे.

आपल्या देशातही शासनाने जोड दिलेली आहे, पण बहुतेक म्हातारपणासाठी. पश्चिम बंगालने २००१ मध्ये असंघटित कामगारांच्या भविष्य निधीत कामगाराच्या महिन्याच्या २० रुपयांवर आपले २० रुपये घातले. आंध्र प्रदेशात २००९ च्या अभय हस्तम योजनेत गटातल्या बाईचा रोज एक रुपया आणि सरकारचा एक रुपया होता. केंद्राच्या स्वावलंबन योजनेत २०१० पासून वर्षाला एक हजार रुपयांची भर होती. अटल पेन्शनमध्येही सुरुवातीला सामील झालेल्यांना पाच वर्षं भर मिळाली. २०१९ च्या श्रमयोगी मानधन योजनेत आजही बरोबरीचा वाटा सरकार घालतं. वय १८ ते ४०, महिन्याला ५५ ते २०० रुपये, साठीनंतर ३ हजार पेन्शन. म्हणजे तत्त्व मान्य आहे, पैसे द्यायची पद्धतही बसलेली आहे. पण चाळिशी ओलांडलेल्या मजूर बाईला त्यात जागाच नाही, आणि पस्तिशीतल्या बाईला पंचवीस वर्षांनंतरचं सांगून उपयोग होत नाही. तिची मुलगी यंदा बारावीला आहे.

या योजना आमच्याकडे मागे पडतात त्याचं दुसरं कारण महिन्याचा ठरावीक हप्ता. आमच्या भागात पैसा महिन्याला येत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास कपाशीची वेचणी सुरू होते. किलोमागे आठ-दहा रुपये, बाई अंगाने धड असेल तर दिवसाला बऱ्यापैकी पडतात, आणि माघापर्यंत हातात काहीतरी खेळतं. त्यानंतर मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मेमध्ये तेंदूपत्ता. गडचिरोलीत ग्रामसभा स्वतः तेंदू विकतात, तिथे मजुरीनंतर बोनसची मोठी रक्कम एकदम हातात येते. मृगाला पेरणी आली की सगळं बियाण्यात जातं. जुलै-ऑगस्टात निंदण-खुरपणाची मजुरी, तीही उधारी फेडण्यात. पोळा ते दसरा हा सगळ्यात कडक काळ. माझ्या वह्यांत या दोन महिन्यांची पानं पाहिली तर गटाच्या बचतीपुढे ‘बाकी’, ‘बाकी’ असंच लिहिलेलं असतं, आणि दिवाळीनंतर त्याच बाया मागची सगळी बाकी एका बैठकीत भरून टाकतात. महिन्याच्या महिन्याला खात्यातून आपोआप रक्कम कापणारी योजना या बाईला भाद्रपदात थकबाकीदार ठरवते. जोड बचतीत मर्यादा वर्षाची ठेवा. बाई सहा हजार रुपये वेचणीच्या चार महिन्यांत टाको की बारा महिन्यांत, तिला पूर्ण जोड मिळाली पाहिजे. एखादा महिना कोरडा गेला म्हणून दंड नको, खातं बंद नको.

आमचं म्हणणं असं. दोन वर्षांचा काळ, वर्षाला ६ हजारांची मर्यादा, रुपयाला रुपया जोड. बाईचे १२ हजार आणि शासनाचे १२ हजार, मिळून २४ हजार. एवढ्यात स्थानिक जातीच्या दोन-तीन गाभण बकऱ्या येतात, किंवा शिलाई मशीन आणि वर थोडं कापड, किंवा मुलीच्या पहिल्या वर्षाच्या फीचा मोठा भाग. एका तालुक्यात हजार बायांपासून सुरुवात केली तर दोन वर्षांत जोडीचा खर्च १ कोटी २० लाख रुपये. कोलाम आदिवासी पाड्यांवरच्या आणि विधवा बायांना दुप्पट जोड द्यावी असं आमच्यातल्या अनेकींना वाटतं. माझं मत थोडं वेगळं आहे. त्यांना जोड तीच ठेवून मर्यादा वाढवावी आणि वर सुरुवातीला काही रक्कम शासनाने टाकून खातं उघडून द्यावं. पण यावर चर्चा व्हायला माझी हरकत नाही.

बाईच्या स्वतःच्या पैशाला कुलूप लावू नका, एवढं मात्र ठाम सांगते. घरी आजारपण आलं तर तिचे पैसे तिला त्याच दिवशी मिळाले पाहिजेत. तेवढ्या रकमेवरची जोड जाईल, एवढंच. हा भरवसा नसेल तर कोणी शंभर रुपयेही टाकणार नाही. शासनाचा वाटा वेगळा दिसावा, पण त्याच पासबुकात दिसावा, दर तिमाहीला छापलेला. वर्षाच्या शेवटी एकदम टाकू म्हणाल तर बाया विश्वास ठेवणार नाहीत, त्यांना आधीच्या अनुभवांनी ते शिकवलं आहे. खातं पोस्टात किंवा राष्ट्रीयीकृत बँकेत असावं. पोस्टमन आता दारात येऊन पैसे घेतो-देतो, त्याचा उपयोग करता येईल.

कोणी फायनान्सकडून उचलून खात्यात टाकेल आणि जोड घेऊन मोकळं होईल, अशी शंका तुमचे अधिकारी काढतील. रास्त शंका आहे. खात्यात किमान सहा महिने राहिलेल्या रकमेवरच जोड द्या, हा मार्ग बंद होईल.

आणि पावतीचा प्रश्न. हा लहान वाटतो, पण योजना इथेच मरतात. आठवडी बाजारात बकरी विकणारा माणूस पक्कं बिल देत नाही, जीएसटी नंबर देत नाही. तुम्ही बिल मागाल तर बाई गावातली चांगली बकरी सोडून बिल देणाऱ्या व्यापाऱ्याची महाग बकरी घेईल, आणि तो व्यापारी कोण असतो ते आम्हाला माहीत आहे. आमच्याकडे प्रत्येक ग्रामसंघात खरेदी समिती आहे, गावात जनावरांची देखभाल पाहणारी पशुसखी आहे. दोघींनी जनावर पाहून सही केली की पैसे विकणाऱ्याच्या खात्यात जावेत. फीच्या बाबतीत सरळ कॉलेजच्या खात्यात. अशाने पैसा मधल्या हातात येत नाही, घरातल्या माणसाच्याही नाही.

कशासाठी वापरता येईल याची यादी मुंबईत बसून बांधू नका. आम्ही गेल्या काही बैठकांत बायांना विचारलं. बकऱ्या आणि मशीन निघणार हे ठाऊक होतं. पण बऱ्याच जणींनी सांगितलं की गहाण पडलेला शेताचा तुकडा सोडवायचा आहे. नवरा गेल्यानंतर सातबाऱ्यावर नाव चढवणं, मोजणी करून घेणं, दिरांशी वाटणीचा कागद करणं, याला लागणारा पैसा हवा आहे असं विधवा बायांनी सांगितलं. शेती करायची आणि सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून पीक कर्ज नाही, विमा नाही, नुकसानभरपाई नाही. तिच्यासाठी त्या कागदाइतकी मोठी मालमत्ता दुसरी कोणती असेल? पण माझ्या माहितीतल्या एकाही अनुदान योजनेत हा खर्च बसत नाही.

आता लाडकी बहीण योजनेबद्दल, कारण तुमच्या मनात ती असणारच. जुलै २०२४ पासून महिन्याला दीड हजार येतात. हे पैसे किराण्यात, औषधात, शाळेच्या खर्चात आणि हप्त्यात जातात, आणि तिथे ते जायलाच हवेत. त्यातून एक रुपयाही सक्तीने बचतीत वळवू नका. कापून घेतलेला पैसा बाई बचत मानत नाही, तो तिला दंड वाटतो. पण त्यातले दोन-तीनशे स्वतःहून मागे ठेवणाऱ्या बाया आमच्या गटांत आहेत आणि त्यांची संख्या कमी नाही. त्यांच्यासमोर आज काहीच नाही. वर्षाला एका बाईला शासन १८ हजार देतं. तिच्या दोन वर्षांच्या जोडीला लागतात १२ हजार.

तेव्हा विनंती अशी. यवतमाळ आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतला एकेक तालुका निवडा, एक कपाशीचा आणि एक जंगलाचा, म्हणजे दोन्हींच्या हंगामाचा अंदाज येईल. नवं कार्यालय नको, नवं ॲप नको. ग्रामसंघांना काम द्या आणि त्यांच्या लेखापालांना त्याचं मानधन वेळेवर द्या. आमची दप्तरं कोणत्याही दिवशी तपासायला खुली आहेत. खाती दसऱ्याच्या आत उघडली गेली पाहिजेत, कारण वेचणीचा पहिला पैसा दिवाळीच्या आधी येतो आणि जो पहिल्या आठवड्यात बाजूला पडला नाही तो नंतर पडत नाही. शासन निर्णय फेब्रुवारी-मार्चमध्ये काढाल तर अख्खं वर्ष गेलं असं समजा.

आपली नम्र,
एका प्रभागसंघाची लेखापाल
यवतमाळ जिल्हा